चुलवाणात जळतोय तो तुमचाच पैसा

हंगाम तोंडावर आलाय. करवीर, पन्हाळा, कागल भागातल्या गुऱ्हाळांवर चुलवाणं लिंपली जातील, चरकाला ग्रीस लागेल, गुळव्याला सांगावा जाईल. गुऱ्हाळमालकांनो, त्याआधी धुरांड्याकडे एकदा नीट बघा! तिथून बाहेर पडणारा काळा धूर म्हणजे अर्धवट जळलेलं चिपाड. तो शेजारच्या वस्तीच्या छातीत जातो आणि जाताना तुमचा नफाही घेऊन जातो.

हिशेब सोपा आहे. 100 किलो उसातून जेमतेम 10 ते 12 किलो गूळ पडतो. रसात बाकी बहुतेक पाणीच. ते सगळं जाळ घालूनच आटवायचं असतं. चरकातून निघालेल्या ताज्या चिपाडात जवळपास निम्मं पाणी असतं. ते ओलंच चुलवाणात लोटलं, तर बराच जाळ त्याचंच पाणी उडवण्यात जातो. मग चिपाड पुरत नाही आणि सरपण विकत आणावं लागतं. स्वतःचं जळण असलेल्या धंद्यात जळणावर खर्च का व्हावा?

उपाय अवघड नाही. चिपाड उन्हात खडखडीत वाळवा. चुलवाणाला जाळी बसवा, खालून हवा खेळू द्या. धुरांड्याकडे निघालेली धग फुकट सोडू नका. तिच्या वाटेवर दुसरी काहील मांडा, म्हणजे कच्चा रस आधीच तापेल. काहिलीच्या बुडाला धातूचे पंख जोडले की तोच जाळ जास्त उष्णता देतो. उरलेलं चिपाड विका, नाहीतर शेतात आच्छादनाला घाला. रस आधीच तापलेला असल्यानं पुढचं आधण लवकर उतरतं, हा फायदा वेगळाच. कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. तिथं जा, विचारा, अडून बसा! नव्या यंत्रसामग्रीसाठी 2020 साली आलेल्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपये अनुदानाची तरतूद होती. आज त्यातलं काय मिळतं, याची चौकशी बँकेत आणि कृषी कार्यालयात करा.

आता रंगाचं बोलू. मळी काढायला आपल्याकडे रानभेंडीची चिकट साल पिढ्यान् पिढ्या वापरली जाते. ती पाण्यात चुरगाळून रसात ओतली की मळी वर येते. तरीही गूळ पिवळाधमक, पांढराफटक दिसावा म्हणून हायड्रॉस या रंग उडवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाची पुडी सोडली जाते, कारण सौद्यात रंगाला भाव मिळतो. त्यातून गुळात उतरणाऱ्या सल्फर डायऑक्साइडला कायद्यानं मर्यादा घातलीय. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते नाव काय पुडीवर जगवायचं?

पण नुसत्या मालकावर बोट रोखणं अन्यायाचं ठरेल. तांबूस गुळाला कमी भाव लावणाऱ्या अडत्यानं आणि पांढऱ्या ढेपेकडेच हात नेणाऱ्या गिऱ्हाइकानं आधी बदलायला हवं. बाजारात गेलात की दुकानदाराला स्पष्ट सांगा, हायड्रॉसविना केलेला गूळ द्या, चार पैसे जास्त देतो. अभियांत्रिकीच्या पोरांनो, प्रकल्पाचे कागद रंगवण्यापेक्षा जवळच्या गुऱ्हाळावर या, धुराचं तापमान मोजा, चुलव्याशी बोला. दिवसभर आगीपुढे उभ्या असलेल्या त्या माणसाला जाळ कुठे वाया जातो ते ठाऊक असतं, पण त्याला कुणी विचारत नाही. आणि मालकांनो, एकट्याला खर्च झेपत नसेल तर गावातले चार-पाच जण मिळून एकाच चुलवाणापासून सुरुवात करा. पहिल्या आधणापासून चिपाडाचं वजन वहीत लिहा आणि ती वही शेजारच्या गुऱ्हाळावर नेऊन दाखवा.