श्वास आणि भाव



पिंपरी-चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणारी आपली पोरे म्हणतात, झोप लागत नाही. इकडे कपाशी-ज्वारीच्या काळजीने आपलीही उडाली आहे. त्याच पुणे जिल्ह्यात, लोणावळ्याला, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम काढले आणि प्राणायाम यंत्रे लावून तपासला. यात बुवाबाजी नाही. श्वास सावकाश घ्या, त्याहून सावकाश सोडा. छातीची धडधड उतरते. वेचणीने धरलेली कंबरही हळूहळू सरळ करा, झटका नको. आम्ही म्हणतो, जरूर करा. श्वास बाहेर सोडायला अजून निर्यातबंदी नाही! पण २१ जूनला, ऐन पेरणीत, योगदिनाच्या मंचावरून कोणी पुढारी 'मन शांत ठेवा' म्हणाला, तर एक लांब श्वास घ्या आणि शांतपणे कापसाचा भाव विचारा.