रॉकवाला बाबा

'रॉक' म्हटलं की आपल्या होस्टेलमध्ये डोळ्यांसमोर काय येतं? काळा टी-शर्ट, वाढलेले केस, भिंतीवरचं पोस्टर आणि शेजारच्या रूममधून येणारी शिवी! आणि 'लहान मुलांची गाणी' म्हटलं की? टुंगटुंग वाजणारा कीबोर्ड आणि मुद्दाम बोबडा केलेला आवाज. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं कोणी म्हटलं तर आपण त्याला वेड्यात काढू. पण अमेरिकेत काही जणांनी हा संबंध जोडून दाखवला, आणि असा जोडला की मुलांबरोबर त्यांचे आईबाबाही ती गाणी आवडीने ऐकायला लागले.

त्यातलं मला सगळ्यात आवडणारं नाव म्हणजे डॅन झेन्स. १९८० च्या दशकात बॉस्टनमध्ये 'द डेल फ्युएगोज' नावाचा बँड होता. डॅन त्याचा गायक आणि गिटारिस्ट. भाऊ वॉरनसुद्धा त्याच बँडमध्ये. एकदम रांगडं, घाम काढणारं रॉक अँड रोल. १९८४ ते १९८९ मध्ये चार अल्बम आले. मधे एका बिअरच्या जाहिरातीतही हे लोक झळकले आणि त्यावरून बोलणीही खाल्ली. थोडक्यात, आईबाबांनी ज्यांच्यापासून मुलांना लांब ठेवावं अशी सगळी लक्षणं! पुढे बँड संपला आणि डॅनला मुलगी झाली.

तिच्यासाठी तो गाणी शोधायला लागला. तो स्वतः लहानपणी लायब्ररीतून 'फोकवेज' कंपनीच्या रेकॉर्ड आणून ऐकत मोठा झालेला. लेड बेली, पीट सीगर, एला जेन्किन्स वगैरे मंडळी. यातला लेड बेली म्हणजे बारा तारांची गिटार वाजवणारा आणि चक्क तुरुंगवास भोगून आलेला माणूस! ज्या मोझेस अ‍ॅशने पुढे १९४८ मध्ये फोकवेज सुरू केली, त्यानेच १९४१ मध्ये लेड बेलीच्या मुलांच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली होती. त्या गाण्यांत कोणी मुलांसाठी आवाज बारीक करत नाही. मोठा माणूस मोठ्या माणसासारखाच गातो आणि मुलं त्याच्यामागे गातात. डॅनला मुलीसाठी असंच काहीतरी नवीन हवं होतं, घरातल्या सगळ्यांना एकत्र ऐकता येईल असं. ते मिळेना. मग त्याने तेच केलं जे आपण इंजिनिअर लोकांनी करायला हवं. बाजारात मिळत नाही ना? मग बनवा!

२००० साली त्याने 'रॉकेट शिप बीच' हा अल्बम काढला, तोही स्वतःच्याच छोट्या लेबलवर. जुनी लोकगीतं, गिटार, बँजो, मँडोलिन, आणि सोबत गायला शेरिल क्रो आणि सुझान व्हेगा. २००६ च्या 'कॅच दॅट ट्रेन!'मध्ये तर क्रोनोस क्वार्टेट आणि निक केव्ह! ज्यांना निक केव्ह माहीत आहे त्यांना इथे ठसका लागेल. या अल्बमला २००७ मध्ये मुलांच्या संगीताचं ग्रॅमी मिळालं. आणि २०२१ मध्ये पत्नी क्लॉडियाबरोबरचा त्याचा अल्बम निघाला तो स्मिथसोनियन फोकवेजकडून, म्हणजे लहानपणी ज्यांच्या रेकॉर्ड घरी आणायचा त्याच परंपरेतून. सॉलिड ना?

आता मुद्दा असा, की मोठ्यांना हे का आवडतं? मोठ्यांना खूश करायचा एक सोपा फंडा आहे. मुलांच्या डोक्यावरून जाईल असा एखादा जोक टाकायचा. मुलं वेगळ्या ठिकाणी हसतात, आईबाबा वेगळ्या ठिकाणी. अ‍ॅनिमेशनच्या पिक्चरमध्ये आपण हे कायम बघतो. झेन्स तसं करत नाही. त्याच्याकडे दोघांनाही एकच गोष्ट आवडते, ती म्हणजे नीट वाजवलेलं, नीट गायलेलं गाणं, ज्याचं धृवपद दुसऱ्या वेळी आलं की कोणीही आवाज मिसळू शकतं.

दुसरं उदाहरण खास आपल्यासाठी. 'दे माइट बी जायंट्स' हा न्यूयॉर्कचा दोन जॉनचा बँड, जॉन फ्लान्सबर्ग आणि जॉन लिनेल. १९८२ पासून मोठ्यांचं रॉक करणारे हे दोघं २००२ मध्ये 'नो!' या अल्बमने मुलांकडे वळले. २००९ मध्ये त्यांनी 'हिअर कम्स सायन्स' काढला. त्यात सूर्य का तळपतो यावरचं १९५९ सालचं एक जुनं गाणं आहे, जे त्यांनी आधी १९९३ मध्येही रेकॉर्ड केलं होतं. पण त्या गाण्यात सूर्याला तापलेला वायू म्हटलंय, आणि सूर्य तर प्लाझ्मा आहे. मग या पठ्ठ्यांनी काय करावं? त्याच अल्बममध्ये लगेच पुढे दुसरं गाणं टाकलं, आधीचं गाणं चुकीचं आहे हे सांगणारं! पाच वर्षांचं पोरगं प्लाझ्मा की वायू म्हणून भांडायला येणार नव्हतं. तरी त्यांनी दुरुस्ती केली, आणि तीसुद्धा चालीत! आपल्याकडे प्रॅक्टिकलच्या फाइलमध्ये रीडिंग कशी जुळतात हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे मी पुढे बोलत नाही.

यावर एक आक्षेप आहे आणि तो अगदीच खोटा नाही. काही जण म्हणतील, हे सगळं आईबाबांच्या हौसेसाठी आहे. आपण अजून 'कूल' आहोत हे दाखवायला पोराच्या गळ्यात स्वतःची आवड बांधायची. असं होतं, आणि तसं झालं तर मूल बिचारं आईबाबांच्या कॉन्सर्टला आल्यासारखं बसून राहतं. पण याची टेस्ट अगदी सोपी आहे. गाणं लागल्यावर मूल उठून नाचतं का? नाचत असेल तर गाणं त्याचं. आणि बाबाही नाचत असेल तर अजून काय पाहिजे?

हे सगळं फक्त अमेरिकेतच होतं असंही नाही. माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीलासुद्धा 'नाच रे मोरा' पाठ आहे. १९५३ च्या 'देवबाप्पा'तलं हे गाणं. शब्द गदिमांचे, चाल पु. लं.ची, आवाज आशाताईंचा. मुलांचं गाणं आहे, चालून जाईल, असं या तिघांपैकी एकाच्याही कामात दिसत नाही. म्हणूनच आमच्या घरी ते आजी, आई आणि मी, तिघी एकत्र म्हणू शकतो.

मला राग येतो तो 'चालून जाईल' याचा. मूल तक्रार करत नाही, पैसे परत मागत नाही, रिव्ह्यू लिहीत नाही. म्हणून त्याला सगळ्यात स्वस्त माल द्यायचा, एकच ठेका शंभर गाण्यांना लावायचा. उद्या आपण पूल बांधू, सॉफ्टवेअर लिहू, मशीन बनवू. वापरणारा प्रत्येक जण आपल्याला जाब विचारू शकणार नाही. त्याच्यासाठी आपण कसं काम करतो, यावरच आपली इंजिनिअरिंग कळणार.

असो, लेक्चर पुरे. आता कामाचं बोलते. आपल्या गॅदरिंगला पुढच्या दोन रांगांत सरांची, मॅडमची, मेसच्या आणि ऑफिसच्या काकांची मुलं बसतात. बँड सुरू झाला की कानावर हात ठेवतात आणि तिसऱ्या गाण्याला आईचा हात ओढत घरी निघतात. बँडवाल्यांनो, तुमचं ड्रमिंग मला खरंच आवडतं. पण यंदा पहिली वीस मिनिटं त्या दोन रांगांसाठी वाजवा. तेच ड्रम, तीच गिटार, तेवढीच प्रॅक्टिस. फक्त अशी गाणी निवडा, जी ती पोरं आणि त्यांच्यामागे बसलेले एचओडी सर एकत्र म्हणू शकतील. सोपं वाटतंय? करून तर बघा!