पालक नको, दुधी चालेल

जुलै उजाडला की आमच्या मध्य न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या दारांना पिशव्या लटकू लागतात. बेल वाजवायची नाही, चिठ्ठी लिहायची नाही. पिशवी मुठीला अडकवायची आणि गाडी काढायची. आत काय आहे यावरून कोण येऊन गेलं ते ओळखायचं. मेथीची जुडी असेल तर एडिसनच्या वहिनी, हातभर लांब दुधी असेल तर पिस्कॅटवेचे काका, आणि अळूची पानं देठांसकट वर्तमानपत्रात गुंडाळलेली असतील तर ब्रिजवॉटरचं जोडपं. आम्हां बागवाल्यांत नावं फारशी वापरात नाहीतच. मेथीवहिनी, दुधीकाका, अळूवाले, एवढ्यावर भागतं.

या अंकात खताबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण खत थांबू शकतं. आज पिशव्यांबद्दल लिहितो.

आमची ही बारा-चौदा घरं. मे महिन्यात मदर्स डे झाला, फ्रॉस्टची भीती गेली, की कुणाच्या तरी गराजमध्ये जमून रोपांची देवाणघेवाण करायची, एवढाच मूळ कार्यक्रम. पण बागेत माणसं बोलतात. मंडळाच्या गणपतीत भेटलं तर "कसं काय?" "मजेत!" यापुढे गाडी सरकत नाही. तिथे सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलेले असतात, चेहऱ्यांनाही इस्त्री असते. बागेत दोघं शेजारी शेजारी वाकून टोमॅटोला काठ्या बांधत असतात, एकमेकांच्या तोंडाकडे कुणी बघत नसतं, आणि मग मान वर न करता एखादी म्हणते, "बायोप्सीचा रिपोर्ट गुरुवारी येणार आहे." किंवा, "नाशिकला आई पडली, खुब्याचं हाड मोडलंय, भाऊ म्हणतो येऊ नकोस." मुलाचं लग्न मोडल्याची बातमी मला घोसाळ्याच्या मांडवाखाली कळली. टिक चावून डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्याच्या बातम्या तर उन्हाळ्यात एकदोन ठरलेल्याच. हरणं फक्त भाजी खाऊन जात नाहीत.

आणि जे तोंडानं सांगितलं जात नाही, ते पिशवीवरून कळतं. म्हणजे पिशवीतून काय परत येतं त्यावरून.

टोमॅटो आणि बटाटे "या वर्षी जरा कमीच द्या हं" असं कुणी म्हणालं, की बहुतेक वेळा किडनीची तक्रार निघते. किडनी मंदावली की रक्तातलं पोटॅशियम नीट बाहेर टाकलं जात नाही, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशांना भाजी भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायला सांगतात. आपल्याला "पाण्यातली जीवनसत्त्वं जातात" असं शिकवलेलं, त्यामुळे ते पाणी सिंकमध्ये ओतताना जीव तुटतो, पण इथे पोटॅशियम जावं हाच हेतू असतो. पालक आणि अळू दोन्ही नको म्हटलं तर मुतखडा. सर्वांत जास्त आढळणारा खडा कॅल्शियम ऑक्झलेटचा, आणि या दोन्ही पानांत ऑक्झलेट भरपूर. अळूनं घसा खाजतो तो त्याच्याच सुयांसारख्या स्फटिकांमुळे. कॅल्शियम त्याच जेवणात पोटात गेलं तर ऑक्झलेट आतड्यातच बांधलं जातं आणि रक्तात कमी उतरतं, तेव्हा ताकातली पालेभाजी हा प्रकार काही वाईट नव्हे. (आजीनं तो चवीसाठी केला होता, उगाच तिच्या गळ्यात रसायनशास्त्र बांधू नये.)

कारल्याचं उलटं असतं. मधुमेह निघाला की माणूस कारली मागून नेतो. चार दिवस भाजी खाल्ली म्हणून काही होत नाही. पण साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना रोज सकाळी पेलाभर रस प्यायचा असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालावं. साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. रसाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू रस पिऊन मृत्यू झाला होता. तो कडवटपणा शिजवूनही जात नाही.

आता दुधीकाकांची गोष्ट. हे सारं मनात घोळतंय ते त्यांच्यामुळेच.

दुधीकाका मेथीवहिनींची पिशवी परत करायचे. एकदा नव्हे, दोनदा, तीनदा. आपल्याकडे दिलेली भाजी परत करणं म्हणजे जवळजवळ भांडणच. मंडळात कुजबुज झाली की काहीतरी बिनसलंय. वहिनी सरळ स्वभावाच्या. त्या थेट त्यांच्या वाफ्यात जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "काका, माझ्या मेथीत काय वाईट आहे?" तेव्हा काका म्हणाले, "मेथीत काही नाही. माझ्यात आहे." लहानपणी गावी घसा आला, मग ताप, मग सांधे धरले. संधिवाताचा तो ताप सांध्यांतून निघून जातो आणि कित्येकदा हृदयाच्या झडपेवर कायमची खूण ठेवून जातो. काकांची झडप पन्नाशीत इथे बदलावी लागली. बसवली ती यांत्रिक, त्यामुळे रक्त गोठू नये म्हणून जन्मभर वॉर्फरिन. गेल्या काही वर्षांत एलिक्विससारखी नवी औषधं आली, पण यांत्रिक झडपेला ती चालत नाहीत. "कुणाला सांगू नकोस," हेही काका त्याच दमात म्हणाले.

वॉर्फरिनची जन्मकथा आमच्या धंद्यातल्या माणसाला भुरळ पाडणारी आहे. १९३३ सालच्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी मेलेली गाय आणि न गोठणाऱ्या रक्तानं भरलेला दुधाचा कॅन घेऊन बर्फातून मॅडिसनला कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. गुरांनी बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाल्ला होता. त्यातून आधी डायकुमेरॉल सापडलं आणि मग वॉर्फरिन. ते १९४८ मध्ये उंदरांचं विष म्हणून बाजारात आलं, १९५४ मध्ये माणसांचं औषध झालं आणि पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिलं गेलं. नावातला पहिला भाग संशोधनाला पैसा पुरवणाऱ्या विस्कॉन्सिन अॅलमनाय रिसर्च फाउंडेशनच्या आद्याक्षरांचा.

रक्त गोठवणारे काही घटक लिव्हर तयार करतं, त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉर्फरिन नेमकं तिथेच आडवं येतं. गडद हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के भरपूर. भाजी एकदम वाढली तर औषध फिकं पडतं आणि झडपेवर गुठळी होण्याची भीती. एकदम बंद केली तर औषध वरचढ होतं आणि रक्तस्रावाची भीती. म्हणून आय.एन.आर. नावाची तपासणी सारखी करत राहायची. मला विचाराल तर हा साधा कंट्रोलचा प्रश्न आहे: इनपुट स्थिर ठेवा, डोस त्याप्रमाणे लावता येतो. डॉक्टरही आता पालेभाजी सोडा म्हणत नाहीत, रोज साधारण सारखी खा म्हणतात. पण आमच्या घरांत पालेभाजी सारखी असते कुठे? फेब्रुवारीत फ्रोझन मटार, जुलैत दारावर हिरवा डोंगर. काकांनी त्यावर आपला उपाय काढला होता: हिरवं काही नकोच. दुधी चालेल, म्हणून दुधीच लावायचा!

२०२३ च्या ऑक्टोबरात, फ्रॉस्टच्या आधीचा शेवटचा तोडा म्हणून आम्ही सातआठ जण त्यांच्याकडे जमलो होतो. काकू पुण्याला गेलेल्या. काका शिडीवर चढून मांडवावरचा दुधी कापत होते. शिडी कलली आणि काका खाली आले. डोकं मांडवाच्या खांबाला लागलं. रक्त नाही, शुद्ध हरपली नाही, बोलणं स्वच्छ. टेंगूळ तेवढं आलं. "काही नाही, बर्फ आणा," म्हणाले, आणि आम्ही बर्फ आणायला निघालोही. मेथीवहिनी मात्र सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काका, तुम्ही वॉर्फरिनवर आहात. आत्ताच्या आत्ता इमर्जन्सीत चला." काका चिडले. वहिनींनी ९११ लावला.

सी.टी. स्कॅनमध्ये मेंदूच्या आवरणाखाली थोडा रक्तस्राव दिसला. औषधाचा परिणाम उतरवावा लागला, चार दिवस इस्पितळ झालं, आणि मग झडपेसाठी तेच औषध परत कधी सुरू करायचं यावर डॉक्टरांची खलबतं झाली. काका घरी आले ते बरे होऊन. पण रागावून.

राग पडल्याचा नव्हता. "मी विश्वासानं सांगितलं आणि हिनं जाहीर केलं," हे त्यांच्या मनातून जाईना. हिवाळाभर त्यांनी वहिनींचा फोन घेतला नाही. आमच्यातही दोन तट. काहींचं म्हणणं, वहिनींनी त्यांना बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. मला हे पटत नाही. बाजूला घेतलं असतं तर काका बाजूलाच "बर्फ आणा" म्हणाले असते. सात माणसांसमोर त्यांना नाही म्हणता आलं नाही, हाच तर त्यातला फायदा होता. पण काकांचं दुखणंही मला समजतं. या देशात चाळीस वर्षं माणसानं आपण मजेत असल्याचं सांगत काढायची आणि एका वाक्यात सगळ्यांसमोर आजारी ठरायचं, हे सोपं नाही.

त्यानंतर आम्ही एक केलं. गराजमध्ये रोपं वाटतो तिथे एक वही ठेवली. ज्याला वाटेल त्यानं लिहावं: कुठली भाजी नको, कुठलं औषध चालू आहे, घरी कुणी नसेल तर फोन कुणाला. सक्ती नाही. पहिल्या वर्षी चारच घरांनी लिहिलं, त्यातल्या एकानं "कांदा नको, चातुर्मास" असं लिहिलं. आता नऊ घरं झाली आहेत. वॉर्फरिनवाल्यांनी पाकिटात चिठ्ठी किंवा मनगटावर पट्टी ठेवावी हे तर डॉक्टरही सांगतात, पण पट्टी कुणी घालत नाही, वही मात्र उघडून बघतात.

२०२४ च्या एप्रिलमध्ये मेथीवहिनींना टपालानं एक पाकीट आलं. आत वालाचं बी. आपले जुने वाल दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत, त्यामुळे इथे वेल मांडव भरून टाकतो, सप्टेंबरात फुलं येतात, आणि शेंगा भरेपर्यंत फ्रॉस्ट. दुधीकाकांनी सात-आठ वर्षं सर्वांत आधी फुललेल्या वेलांचंच बी धरत हा वाण तयार केलाय. पाकिटावर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, "लवकर येणारा." आणि खाली, बारीक अक्षरात: "पालेभाजी आठवड्याला दोनदा चालेल. जुडी लहान."

ते बी वहिनींनी वाढवलंय. मदर्स डेच्या वाटपात ज्यांना हवं त्यांनी प्रत्येकी सहा दाणे न्यावेत, त्याहून जास्त नाहीत. खताचं पुढच्या अंकात नक्की.