साधेपणाचा उपदेश कोणाला?



शहरातला शिकलासवरला तरुण हल्ली चंगळवादावर तावातावाने बोलतो. गरजा कमी करा, राजकारण गलिच्छ, त्यात पडू नका. खेड्यातली माणसे बघा, थोडक्यात सुखी!

आम्ही विचारतो, बाबा रे, तुझ्या वहीचा कागद आला कोठून? आमच्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे कागद गिरण्यांना गेला. आमच्या वाट्याला फक्त तोडणीची मजुरी. शास्त्राने बांबू म्हणजे गवत. १९२७ च्या वन कायद्यात मात्र २०१७ पर्यंत तो झाडच होता!

मेंढा (लेखा) गावाने थोडक्यात सुख मानले नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सामूहिक हक्क मिळवला. तरी बांबूचा वाहतूक परवाना अडला. गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ ला परवाना ग्रामसभेच्या हाती आला आणि गावाने स्वतः बांबू विकला. हे राजकारण नव्हे तर काय?

ज्याचे पोट भरले आहे त्याने खुशाल गरजा कमी कराव्यात. आमच्या घरात पंखा, टीव्ही, मोटारसायकल येणे ही चंगळ नव्हे. आधी घामाचे दाम द्या. खर्चाचे आमचे आम्ही बघू.

ज्या गावांचे वनहक्काचे दावे पडून आहेत, त्यांनी ग्रामसभेचा ठराव घेऊनच बैठकीला यावे.