मधल्या पायरीवरचा न्यायाधीश

उच्च न्यायालयाचे एखादे न्यायमूर्ती निवृत्त झाले, की बाररूममध्ये एक प्रश्न हमखास निघतो: ते दिल्लीला का गेले नाहीत? ज्येष्ठता आड आली, की शिफारसच झाली नाही, यावर तासभर बोलणे होते. त्यांनी लिहिलेल्या निकालपत्रांविषयी मात्र पाच मिनिटेही कोणी बोलत नाही. उच्च न्यायालय ही वर जाण्याची पायरी आहे आणि जो वर गेला नाही त्याची कारकीर्द अर्धवट राहिली, असे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे. हे गृहीत चुकीचे आहे, आणि त्याचा तोटा न्यायमूर्तींपेक्षा वकिलीला अधिक होतो. अपील न्यायालयातल्या न्यायाधीशाचे मोल त्याच्या निकालपत्रातल्या कारणमीमांसेवर ठरते. बंधनकारक नसलेल्या ठिकाणीही ती कारणे पटतात का, आणि किती काळ पटत राहतात, एवढेच पाहायचे असते. याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेच्या संघीय न्यायव्यवस्थेत सापडतो. त्या न्यायाधीशाचे नाव लर्नेड हँड.

1872 मध्ये ऑल्बनीत जन्मलेले हँड 1909 मध्ये न्यू यॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयात न्यायाधीश झाले. 1924 मध्ये ते 'सेकंड सर्किट' अपील न्यायालयात गेले आणि 1961 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथलेच राहिले. सर्वोच्च न्यायालयासाठी त्यांचे नाव अनेकदा निघाले. 1942 मध्ये जागा रिकामी झाली तेव्हा न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी त्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे पुष्कळ खटपट केली, पण हँड सत्तरीला पोहोचले होते. 1943 मध्ये नेमणूक झाली ती 48 वर्षांच्या वायली रटलेज यांची. रटलेज 1949 मध्ये वारले. हँड त्यानंतरही दोन वर्षे पूर्णवेळ आणि 1951 नंतर ज्येष्ठ न्यायाधीश म्हणून अपिले ऐकत होते.

त्यांचे काम जवळून पाहायचे तर 1947 चा 'कॅरॉल टोइंग' निवाडा घ्यावा. 4 जानेवारी 1944 रोजी न्यू यॉर्क बंदरात 'ॲना सी' हा बार्ज इतर बार्जच्या रांगेत बांधलेला होता आणि त्यात अमेरिकन सरकारचे पीठ भरलेले होते. शेजारचा एक बार्ज बाहेर काढण्यासाठी 'कॅरॉल' या टगच्या लोकांनी दोरांची सोडबांध केली. त्यात रांगच सुटली आणि 'ॲना सी' वाहत जाऊन एका टँकरवर आदळला. टँकरच्या पंख्याने त्याला पाण्याखाली भोक पडले. बार्जवर माणूस असता तर गळती वेळीच कळली असती आणि पंप लावून बार्ज वाचवता आला असता. पण त्यावरचा माणूस आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला उतरून गेला होता आणि 21 तास फिरकला नव्हता. त्याची गैरहजेरी हा मालकाचा निष्काळजीपणा ठरतो का? हँड यांनी आधी जुने निवाडे तपासले आणि त्यांतून सरसकट नियम निघत नाही, हे स्पष्ट सांगितले. मग तीन गोष्टी मांडल्या: अपघाताची शक्यता, झाल्यास होणारे नुकसान आणि खबरदारीचा भार. पहिल्या दोहोंचा गुणाकार तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर खबरदारी न घेणारा दोषी. युद्धकाळात बंदरात सतत हलवाहलव चालू होती, जानेवारीचे दिवस लहान होते, म्हणून दिवसाउजेडी कामाच्या वेळेत बार्जवर माणूस हवाच होता. रात्रीसाठी वेगळा रिवाज असू शकेल, तो प्रश्न त्यांनी मोकळा ठेवला. सूत्र विद्यार्थीसुद्धा पाठ करतात, पण वकिलाने शिकायचे ते हे शेवटचे: समोरच्या तथ्यांना पुरेल एवढेच ठरवायचे आणि उरलेले पुढच्या प्रकरणासाठी सोडायचे. 1932 च्या 'टी. जे. हूपर' निवाड्यातही हाच पिंड दिसतो. वादळाचा इशारा ऐकायला चालू रेडिओ नसल्याने टगांमागचे कोळशाचे बार्ज बुडाले. बहुतेक टगांवर कंपन्या रेडिओ देतच नव्हत्या, हा बचाव हँड यांनी नाकारला. धंद्याचा रिवाज हा काळजीचा पुरावा असतो, मोजमाप नसते. अख्खा धंदाही मागे पडलेला असू शकतो, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे 'जेकब मॅथ्यू' निवाड्याने 2005 मध्ये डॉक्टरांबाबत बोलम कसोटी स्वीकारली: जबाबदार डॉक्टरांमध्ये मान्य असलेल्या पद्धतीने वागणारा निष्काळजी ठरत नाही. वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे चालवणाऱ्याने ती कसोटी आणि 'हूपर' शेजारी ठेवून वाचावेत. दोहोंमधला ताण आजही मिटलेला नाही.

यावर पहिला आक्षेप असा की अंतिम शब्द शेवटी वरच्या न्यायालयाचाच. तो औपचारिक अर्थाने खरा आहे. 1917 मध्ये हँड जिल्हा न्यायाधीश असताना 'द मासेस' या नियतकालिकाचा युद्धविरोधी अंक टपालातून पाठवायला न्यू यॉर्कच्या पोस्टमास्तरांनी नकार दिला. कायदा मोडण्याची थेट चिथावणी आणि सरकारवरची कडवट टीका या वेगळ्या गोष्टी आहेत, असे म्हणत हँड यांनी मनाईहुकूम दिला. अपिलात तो फिरला. पुढे अपील न्यायालयाची जागा 1918 मध्ये हँड यांच्याऐवजी मार्टिन मँटन यांना मिळाली. त्याच मँटन यांना 1939 मध्ये लाचखोरीच्या आरोपांमुळे राजीनामा द्यावा लागला, ते दोषी ठरले आणि त्या न्यायालयाचे प्रमुखपद हँड यांच्याकडे आले. पण महत्त्वाचे ते पुढचे. 1969 च्या 'ब्रँडेनबर्ग' निवाड्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीचीच कसोटी उचलली, अर्थात तात्काळ धोक्याची अट जोडून. तीच कसोटी 2011 मध्ये 'अरूप भुयां' प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारली. 2023 मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निवाडा रद्द ठरवला, हेही सांगायलाच हवे. वरच्या न्यायालयाने फिरवलेला एक हुकूम शंभर वर्षांनंतरही दोन देशांच्या न्यायालयांत वादाचा विषय आहे. फिरवणाऱ्या निकालपत्राचा दाखला आज कोण देते?

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 1950 मध्ये 'डेनिस' प्रकरणात याच हँड यांनी कम्युनिस्ट पक्षाच्या 11 नेत्यांची शिक्षा कायम केली. अनर्थ किती मोठा आणि तो घडण्याची शक्यता किती, हे तोलून भाषणावर बंधन घालता येते, असे त्यांनी लिहिले आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बार्जच्या प्रकरणातला तराजू इथे माणसांच्या स्वातंत्र्याला लावला गेला. अनर्थ पुरेसा भयंकर कल्पिला, की शक्यता कितीही क्षीण असली तरी शिक्षा ठरलेलीच, हा त्यातला दोष. वरच्या न्यायालयाच्या निवाड्यांनी हात बांधले होते, हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. कारण कसोटीची ही मांडणी त्यांची स्वतःची होती. तरीही या प्रकरणाने आपला मुद्दा खोडला जात नाही. सर्वोच्च न्यायालयाची मोहोर लागूनही 'डेनिस' टिकले नाही आणि अपिलात फिरूनही 'मासेस' टिकले. शिक्का नव्हे, कारणेच टिकतात, हे त्याच माणसाच्या दोन निकालपत्रांवरून दिसते.

आपल्याकडे अनुच्छेद 141 आहे, उच्च न्यायालयांपुढे प्रकरणांचे ढीग आहेत, निवृत्तीचे वय 62 आहे. हँड यांच्यासारखी सवड इथे कोणाला, असे कोणी म्हणेल. सवडीचा मुद्दा मान्य. पण बहुसंख्य पक्षकारांचा शेवटचा निकाल उच्च न्यायालयातच लागतो आणि त्याने सांगितलेला कायदा त्याच्या हद्दीतल्या न्यायाधिकरणांवर बंधनकारक असतो, हे 1962 च्या 'ईस्ट इंडिया कमर्शियल' निवाड्यापासून पक्के आहे. मुंबईत छगला 1958 पर्यंत मुख्य न्यायमूर्ती होते, तारकुंडे 1969 पर्यंत न्यायमूर्ती होते. दोघेही सर्वोच्च न्यायालयात गेले नाहीत, आणि त्यामुळे त्यांची कारकीर्द अपुरी राहिली असे म्हणायची कोणाची हिंमत होणार नाही.

वकीलमित्रांना म्हणून एक विनंती. उच्च न्यायालयाचा दाखला देताना हेडनोटवर थांबू नका. निकालपत्र पूर्ण वाचा आणि ज्या परिच्छेदात कारण दिले आहे तो न्यायालयाला वाचून दाखवा. विरुद्ध बाजूने 'हे आपल्यावर बंधनकारक नाही' म्हटले, तर 'पण ते बरोबर का नाही, हे सांगा' असे विचारा.