होडीवरून उडविलेलें यंत्र

ड्रोन नामक चिमुकल्या विमानानें समुद्रकिनाऱ्याचीं चलच्चित्रें टिपण्याचा नाद हल्लीं तरुणांत फार फैलावला आहे. आम्हींही मालवणच्या समुद्रांत एका भाच्याच्या संगतीनें हा प्रयोग पाहिला. निर्मनुष्य खडक, त्यांवर फुटणारा फेंस आणि पाण्याखालून सरकणाऱ्या डॉल्फिनांच्या करड्या पाठी पडद्यावर पाहून आम्ही थक्क झालों, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु होडी म्हणजे घरचें अंगण नव्हे. बॅटरी संपत आली कीं हें यंत्र आपण होऊन माघारी फिरतें, तें बहुधा जेथून उडालें त्याच जागीं. होडी मात्र तोंवर प्रवाहाबरोबर दूर गेलेली असते! आमचें यंत्रही असेंच रिकाम्या पाण्यावर उतरूं लागलें. तांडेलानें चपळाईनें होडी त्याच्याखालीं नेली व भाच्यानें तें हातांनीं झेललें, म्हणून बचावलें.

यंत्र बुडालें तर पैशांनीं दुसरें येतें. पक्ष्यांची गोष्ट तशी नाहीं. कॅलिफोर्नियांतील बोल्सा चिका येथें मे २०२१ मध्यें एक ड्रोन सुरय पक्ष्यांच्या वसाहतींत कोसळला. हजारों पक्षी भिऊन उडाले, ते घरट्यांकडे परतलेच नाहींत. सुमारें १५०० अंडीं तशींच वाळूंत राहिलीं.

परततांना किनाऱ्यावरील उंच झाडावर समुद्रगरुडाचें घरटें दिसलें. भाच्यानें पेटी पुन्हा उघडली, तेव्हां आम्हीं त्याचा हात धरला. स्वारी जरा रुसली. तांडेलाच्या जुन्या दुर्बिणींतून एका पिलाचें डोकें काय तें दिसलें.