निजवणे म्हणजे मारणे नव्हे

मरणोन्मुख कर्करोग्याला अखेरच्या दिवसांत औषधाने गुंगीत ठेवले, की आप्तेष्टांत एक कुजबूज हमखास सुरू होते : "घरच्यांनी त्याला निजवून टाकले!" भिलाईच्या वैशाली नगरात नोकरीनिमित्त वसलेल्या मराठी घरांचे निम्मे आप्त नागपूर-पुण्याकडे असतात. दुखणे पाहिले एकाने आणि निवाडा दिला दुसऱ्याने, असे तेथे सहज घडते. दूरचे आप्त परततात. कुजबूज मात्र पत्नीच्या वा मुलाच्या मनात जन्मभर ठाण मांडून बसते. ती निर्दय तर आहेच, पण निखालस खोटीही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मॉर्फिनादी सारे उपाय थकले, आणि तरीही श्वासाची कोंडी, असह्य वेदना वा भ्रमाची तडफड थांबेना, म्हणजेच मिडॅझोलॅमसारखे औषध बेताबेताने देऊन यातना शमेल इतकीच शुद्ध कमी करतात. येथे हेतू यातना शमविण्याचा आणि मात्राही यातनेच्या मापाची. इच्छामरणात हेतू मरणाचा आणि मात्राही मरणाचीच. २००९ साली इटलीतील वैद्यांनी गुंगी दिलेल्या आणि न दिलेल्या रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. गुंगीने आयुष्य घटल्याचे तीत दिसले नाही. रोगी मरतो तो रोगाने.

यावर कोणी म्हणतील, मरण शुद्धीत यावे, मुखी नाम असावे. सावरकरांनी १९६६ साली आणि विनोबांनी १९८२ साली अन्नत्यागाने देह ठेवला, हे दाखलेही दिले जातील. परंतु त्या दोघांनी आपली वाट आपण निवडली होती. ज्याने ती निवडलेली नाही, त्याच्यावर केवळ आपल्या समाधानासाठी शुद्ध लादणे, हा कोठला धर्म?

मात्र कुटुंबांचे दुःख आम्ही नाकारीत नाही. जपानमधील २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शोकाकुल कुटुंबांना या अनुभवाविषयी विचारले, तेव्हा बहुतेकांनी उपचाराबद्दल समाधान सांगितले. तरी सुमारे चौथा हिस्सा कुटुंबे तीव्र मनःक्लेशांत होती. सल होता तो पुरेशी माहिती न मिळाल्याचा, आणि निर्णयाचे ओझे आपल्यावर पडल्याचा. आपल्याकडेही दोष आहे तो येथेच. व्हरांड्यात उभ्याउभ्या चार शब्द सांगून मुलापुढे कागद सरकविला, तर त्याला आपण बापाच्या मरणावर सही केली असेच वाटणार! निर्णयाचा भार वैद्याने उचलावा, इच्छा रोग्याला विचारावी, आणि घरच्यांकडून सही घेण्यापूर्वी त्यांची समजूत पटवावी. दूरच्या मुलाला रोगी बोलता आहे तोवरच बोलवावे. बोलायचे ते तेव्हाच बोलून घेता येते. गुंगीनंतरही हात हाती धरावा, ओठ ओल्या कापसाने टिपावेत. निजलेला माणूस काही परका झालेला नसतो.

आता आमच्या अधिकारी वाचकांस एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. जी वेदना मॉर्फिनने निवते, तिच्यासाठी गुंगी देणे हा उपचार नव्हे, ती हेळसांड आहे. भिलाईत पोलाद गाळणाऱ्या देशाला मॉर्फिन गाळणे अवघड नाही. ज्या देशात नीमच-मंदसौरच्या शेतांत सरकारी परवान्याने अफू पिकते, त्याच देशात वेदनेने ओरडणाऱ्याला मॉर्फिन मिळेना, यास काय म्हणावे? १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने रुग्णालये व औषधविक्रेते हे औषध ठेवीनासे झाले. २०१४ च्या दुरुस्तीने अनेक परवान्यांचे जंजाळ तोडून मान्यताप्राप्त रुग्णालयांना राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरेशी केली. कायदा हलला, टेबलावरची फाइल हलते काय? ती हलविणारे हात आपल्यापैकीच कोणाचे तरी आहेत. शेजारच्या घरातील गुंगीवर कुजबुजण्यापूर्वी आपल्या टेबलावर किती तडफड तुंबून पडली आहे, ते प्रत्येकाने एकदा पाहावे.